हात धुतले का, हे विचारायचे कुणी?

पेशंट दगावला की आपल्याकडे प्रश्नांची एक ठरलेली यादी असते. डॉक्टर वेळेवर आले का? औषध बाहेरून का आणायला लावले? रक्त मिळायला उशीर का झाला? ऑक्सिजन होता की नव्हता? हे प्रश्न रास्त आहेत आणि ते विचारलेच पाहिजेत. पण ‘सलाईन लावण्यापूर्वी सिस्टरने हात धुतले होते का?’ हा प्रश्न छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी एकाही नातेवाइकाच्या तोंडून ऐकला नाही. त्यातली पंधरा वर्षे मी मराठवाड्यातल्या रुग्णालयांच्या वॉर्डांत काढली आणि उरलेली एकवीस परिचर्येच्या विद्यार्थिनींना शिकवण्यात. निवृत्तीनंतर तरी या न विचारलेल्या प्रश्नाविषयी मोकळेपणाने बोलावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच माझे मत सांगून टाकते. संसर्ग कसा टाळायचा हे आपल्या परिचारिकांना ठाऊक नसते, असा एक समज आहे. अधूनमधून पाहण्या होतात, प्रश्नावल्या वाटल्या जातात आणि ‘ज्ञान बरे, आचरण कमी’ असा शेरा पडतो. मग त्यावर उपाय म्हणून आणखी एक प्रशिक्षण, आणखी एक भित्तिपत्रक आणि ५ मेच्या हस्तस्वच्छता दिनाला एक भाषण. आठवड्याने १२ मेला परिचारिका दिनाचे दुसरे भाषण. ज्या बाईला उत्तर आधीच येते तिला पुन्हा तेच शिकवायचे, असा हा प्रकार आहे. ज्ञान आणि आचरण यांच्यामधली दरी माणसांच्या संख्येने, बेसिनच्या अंतराने आणि वरिष्ठांपुढे तोंड उघडण्याच्या भीतीने पडलेली आहे. फळ्यावर लिहून ती बुजत नाही.

रुग्णालयाने दिलेला आजार

आधी ज्याला आपण घाबरायला हवे ते नीट समजून घेऊ. माणूस पाय मोडला म्हणून दाखल होतो, बाळंतपणासाठी येते, अॅपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला येते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप भरतो. टाक्यांतून पू येतो, लघवीच्या नळीतून जंतू वर चढतात, सलाईनची जागा लाल होऊन सुजते, व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला न्यूमोनिया होतो. हा आजार त्याने घरून आणलेला नसतो. तो रुग्णालयात मिळालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये याविषयी पहिला जागतिक अहवाल काढला. त्यातला हिशेब असा: श्रीमंत देशांत गंभीर आजारांसाठी दाखल झालेल्या दर १०० रुग्णांमागे ७ जणांना आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत १५ जणांना असा संसर्ग होतो. ज्यांना तो होतो, त्या दहांपैकी सरासरी एक जण त्यात दगावतो.

सर्वांत हळवी जागा म्हणजे नवजात बाळांचा कक्ष. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांतल्या नवजात बाळांचा एक मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंतुदोष झालेल्या बाळांच्या रक्तात अॅसिनेटोबॅक्टर आणि क्लेबसिएला हे जंतू सर्वाधिक सापडले. यांतले बरेचसे जंतू एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद देत नव्हते. आणि बहुतेक बाळांना हा दोष जन्मल्यापासून तीन दिवसांच्या आत झाला होता. तीन दिवसांचे बाळ बाजारात गेलेले नसते, लग्नाला गेलेले नसते. त्याला भेटलेले जग म्हणजे त्याची आई, प्रसूतीची खोली, नळ्या, सुया आणि माणसांचे हात.

जंतूला पाय नसतात. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जायला त्याला वाहन लागते आणि ते वाहन बहुतेक वेळा हातच असतात. म्हणूनच प्रतिजैविकांवर हजारो रुपये खर्च करण्याआधी काही पैशांचा साबण खर्च करावा, हे शहाणपण वैद्यकात पावणेदोनशे वर्षांपासून आहे.

व्हिएन्नातल्या सुइणी

त्या शहाणपणाची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात १८४० च्या दशकात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकीय विद्यार्थी बाळंतपणे करीत, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. पहिल्या विभागात १०० बाळंतिणींमागे सुमारे १० दगावत, दुसऱ्यात सुमारे ४. ही गोष्ट शहरात सर्वांना ठाऊक होती आणि पहिल्या विभागात घालू नका म्हणून बायका गयावया करीत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरने शोध घेतला, तेव्हा त्याच्या लक्षात आले की डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येतात. सुइणी शवविच्छेदन करीत नसत. १८४७ च्या मे महिन्यापासून त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये पहिल्या विभागातला मृत्यूंचा आकडा १८ टक्क्यांवर होता. उन्हाळा सरायच्या आत तो २ टक्क्यांच्या आसपास आला.

पुढे काय झाले? त्याच्या व्यवसायबंधूंना ते रुचले नाही. सभ्य गृहस्थाच्या हातांनी मृत्यू पसरतो, हे ऐकून घेण्याची त्यांची तयारी नव्हती. सेमेलवाइसला व्हिएन्ना सोडावे लागले आणि १८६५ मध्ये वेड्यांच्या इस्पितळात जखम चिघळून त्याचा अंत झाला. ही गोष्ट मी दरवर्षी वर्गात सांगत असे आणि मुलींना म्हणत असे की यातला पुस्तकी भाग सोडा, एवढे लक्षात ठेवा: सर्वांत मोठ्या हुद्द्याचे हात सर्वांत स्वच्छ असतातच असे नाही.

आपल्याकडे या विषयाची आठवण दुसऱ्या एका बाईच्या नावाने काढावी लागते. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या. प्लेग झालेल्या एका मुलाला त्यांनी स्वतः उचलून आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतच्या, दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवून दिले ते त्यानंतर वर्षाने, १८९८ मध्ये. म्हणजे सावित्रीबाईंपाशी माया होती, धैर्य होते. स्वतःला कसे वाचवावे हे ज्ञान तेव्हा जगात कुणापाशीच नव्हते. आज ते नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या मुलीपाशी आहे. तरीही ते तिच्या हातांत का उतरत नाही, हा आपला प्रश्न आहे.

पाच क्षण आणि चाळीस खाटा

वर्गात आम्ही शिकवतो ते असे. हात स्वच्छ करायचे पाच क्षण आहेत. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी. सुई, कॅथेटर, जखमेची पट्टी असे निर्जंतुक काम करण्यापूर्वी. रक्त, लघवी, पू यांच्याशी संबंध आल्यानंतर. रुग्णाला स्पर्श केल्यानंतर. आणि रुग्णाला हात लावला नाही, नुसते त्याच्या खाटेला, सलाईनच्या स्टँडला किंवा चादरीला लावला, तरी त्यानंतर. साबण-पाण्याने धुवायला ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलचे द्रावण चोळायला २० ते ३० सेकंद. हात दिसायला मळलेले असतील तर द्रावण चालत नाही, साबण-पाणीच हवे. परीक्षेत हा प्रश्न आला की मुली त्याचे पूर्ण गुण घेतात.

आता हीच मुलगी नोकरीला लागते. समजा, चाळीस खाटांचा वॉर्ड आहे, रात्रपाळी बारा तासांची आहे आणि सिस्टर एकटी आहे. अशा पाळ्या मी केल्या आहेत, म्हणून कल्पनेतला वॉर्ड मांडायला मला कष्ट पडत नाहीत. प्रत्येक रुग्णाकडे ती रात्रीतून फक्त तीनदा गेली, असे धरू. झाल्या १२० फेऱ्या. एका रुग्णानंतरचे आणि दुसऱ्यापूर्वीचे हात धुणे एकत्र केले, तरी १२० वेळा हात धुवायचे. एकेका वेळी ४० सेकंद धरली तर ८० मिनिटे. पण बेसिन वॉर्डाच्या टोकाला आहे. जाऊन येऊन एक मिनिट धरा. आणखी १२० मिनिटे. बारा तासांतले तीन तास वीस मिनिटे केवळ हात धुण्यात! उरलेल्या वेळात इंजेक्शने, सलाईन बदलणे, ताप-रक्तदाब पाहणे, नवा पेशंट घेणे, केसपेपर भरणे, औषधांची मागणी लिहिणे, रडणाऱ्या नातेवाइकाला समजावणे आणि पहाटे कुणी गेलेच तर तो देह बांधून देणे.

यात मी निर्जंतुक कामांपूर्वीचे जादा धुणे धरलेले नाही. हा हिशेब ती सिस्टर कागदावर मांडत नाही. तिचे पाय मांडतात. रात्री दोन वाजता, पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा धापा टाकत असताना, ती आधी बेसिनकडे जाईल की म्हाताऱ्याकडे? तुम्ही कुणाकडे गेला असता?

आता याच वॉर्डात प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी द्रावणाची बाटली अडकवा. चालणे संपले. २० सेकंदांच्या हिशेबाने १२० वेळांना ४० मिनिटे लागतील. तीन तास वीस मिनिटांचे काम चाळीस मिनिटांवर आले, आणि त्यासाठी कुणाला काहीही नवे शिकवावे लागले नाही.

ही माझ्या डोक्यातली युक्ती नव्हे. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात डिडिए पिटे या डॉक्टरने १९९४ पासून हेच केले. आधी त्याने माणसे बसवून मोजणी केली. जिनिव्हासारख्या श्रीमंत शहरातही गरज असते त्या वेळी हात स्वच्छ करण्याचे प्रमाण केवळ ४८ टक्के निघाले. शिवाय काम जितके जास्त तितके हात धुणे कमी, हेही दिसले. मग खाटेशी आणि कर्मचाऱ्यांच्या खिशात द्रावणाच्या बाटल्या आल्या. तीन वर्षांत प्रमाण ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयातल्या संसर्गाचे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत उतरले. यातला एक बारकावा मला फार बोलका वाटतो: सुधारणा झाली ती मुख्यतः परिचारिकांच्या हातांत, डॉक्टरांच्या सवयी फारशा बदलल्या नाहीत. व्हिएन्ना ते जिनिव्हा, दीडशे वर्षांनंतरही!

आपल्या शहराची गोष्ट

आमचे शहर, म्हणजे कालचे औरंगाबाद आणि २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, हे साऱ्या मराठवाड्याचे रुग्णालय आहे. पाणचक्कीजवळची ‘घाटी’, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, १९५६ पासून इथे आहे. अकराशेहून अधिक खाटांचे हे रुग्णालय. जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासून बुलढाणा-जळगावपर्यंतची माणसे इथे येतात. दुसरीकडे सगळे उपाय थकले की शेवटी घाटी, हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक घराने कधी ना कधी उच्चारलेले असते. अशा रुग्णालयाला ‘जागा नाही, परत जा’ असे म्हणता येत नाही. खाटा भरल्या की गादी जमिनीवर येते. आणि दोन खाटांमधली मोकळी जागा, जी जंतूंना थोपवायची पहिली भिंत असते, ती नाहीशी होते.

त्यात पाण्याची गोष्ट. नाथसागर पन्नासेक किलोमीटरवर, पण शहराच्या नळांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी, असे आम्ही वर्षानुवर्षे पाहिले. २०२२ च्या मे महिन्यात त्यासाठी शहरात मोठा मोर्चाही निघाला होता. इथे वाढलेली मुलगी तांब्याभर पाण्यात भांडी विसळायला शिकलेली असते. नळ चाळीस सेकंद वाहू द्यायचा म्हटले की तिच्या जिवावर येते. पुस्तकातले चित्र मात्र असे असते की कोपराने नळ उघडावा आणि धार चालू ठेवून हात धुवावेत. ही पुस्तके लिहिणाऱ्यांच्या घरी टँकर येत नसावा.

२०२३ च्या ऑक्टोबरच्या आरंभी आपल्या शेजारी, नांदेडच्या शासकीय रुग्णालयात, २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. त्याच दिवसांत घाटीतल्या मृत्यूंच्याही बातम्या आल्या. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या मृत्यूंची कारणे अनेक असतील आणि ते संसर्गानेच झाले असे मी मुळीच म्हणत नाही. मला आठवते ते दुसऱ्याच कारणासाठी. दोनच दिवसांनी एक खासदार तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन त्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले. साऱ्या महाराष्ट्राने ते दृश्य पाहिले. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

मला मात्र त्या दृश्यात आपले सारे चुकलेले गणित दिसले. आपल्या लेखी स्वच्छता ही शिक्षा आहे. कुणाचा तरी अपमान करायचा असेल तर झाडू हाती द्यायचा. प्रत्यक्षात रुग्णालयातली स्वच्छता हे औषधाइतकेच शास्त्रीय काम आहे. कोणता पृष्ठभाग कोणत्या द्रावणाने पुसायचा, ते किती प्रमाणात मिसळायचे, किती वेळ ओले ठेवायचे, याची गणिते आहेत. ती करायला मावशी लागतात, मामा लागतात, सफाई कामगार लागतात, त्यांना पगार वेळेवर लागतो. मंजूर जागा किती, भरलेल्या किती आणि रिकाम्या कुणी ठेवल्या, हे त्या दिवशी विचारले असते तर झाडू कुणाच्या हाती द्यायचा त्याचे उत्तर वेगळे आले असते.

भारतीय परिचर्या परिषदेचा जुनाच दंडक आहे की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन खाटांमागे एक परिचारिका असावी. तीन पाळ्यांत वाटले तर एका पाळीत नऊ खाटांमागे एक. म्हणजे आपल्या त्या चाळीस खाटांच्या वॉर्डात रात्री चार ते पाच सिस्टर हव्यात. अतिदक्षता विभागात तर एका खाटेला एक. तुमचे कुणी दाखल असेल तेव्हा रात्री वॉर्डात एक फेरी मारा आणि मोजा. २०२२ च्या मे अखेरीस राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या, तेव्हा ‘यांना रुग्णांचे काही नाही’ अशी टीका झाली. पण जी मुलगी वर्षभराने जाणारच आहे, तिला या वॉर्डाच्या सवयी कोण लावणार आणि तिच्याकडून पुढचीला कोण लावून घेणार?

परिचारिकांचे काय चुकते?

सगळे खापर सरकारवर फोडून मी माझ्या व्यवसायाला मोकळे सोडणार नाही. वेळेअभावी जे राहते ते एक. पण ज्याला वेळ लागत नाही तेही राहते, हे मी पाहिले आहे. हातमोज्यांचेच घ्या. एकदा मोजे चढवले की त्याच हातांनी चार रुग्ण, दाराची कडी, टेलिफोन आणि केसपेपर. त्या मोज्यांनी सिस्टरचे हात वाचतात, रुग्णाचे काहीच वाचत नाही. मोजे काढल्यावर हात धुवायचे असतात, हे तर जणू पुस्तकातच राहते.

दुसरे, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावणे. आमच्या पिढीने काचेच्या सिरिंजा उकळून वापरल्या. त्या गेल्या आणि एकदाच वापरायच्या आल्या. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये आले, २०१६ मध्ये नवे झाले. पिवळी, लाल, निळी, पांढरी अशी कचऱ्याची वाटणी ठरली. सुई टोपण न लावता पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची, हे सर्वांना पाठ आहे. तरी बोट जुन्या सवयीने टोपणाकडे जाते आणि सुई बोटात शिरते. बाधित रुग्णाची सुई लागली तर एचआयव्ही होण्याची शक्यता हजारांत तीनच्या आसपास असते. पण लस न घेतलेल्या सिस्टरला कावीळ ‘ब’ होण्याची शक्यता शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. कावीळ ‘ब’ला लस आहे. एचआयव्ही टाळायला औषध आहे, ते शक्य तो दोन तासांत आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करावे लागते.

माझ्या एका विद्यार्थिनीला अशी सुई लागली. तिने तीन दिवस कुणाला सांगितले नाही. का? ‘मॅडम, इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या असत्या, तूच निष्काळजी.’ ती वाचली, हा दैवाचा भाग. पण चूक सांगितली तर ओरडा मिळतो हे ज्या वॉर्डात मुलगी शिकते, तिथे ती पुढे रुग्णाच्या बाबतीतली चूकही लपवायला शिकते.

दुसरी एक मुलगी याहून धीट होती. राउंडच्या वेळी एक मोठे डॉक्टर एका रुग्णाची जखम उघडून पाहून तसेच दुसऱ्याकडे वळले. ही हातात द्रावणाची बाटली घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, ‘सर, हात.’ डॉक्टर थांबले, तिच्याकडे पाहिले आणि म्हणाले, ‘तू मला शिकवणार?’ मागे उभे असलेले सगळे हसले. नंतरच्या वर्षात तिने कुणालाही बाटली पुढे केल्याचे मी पाहिले नाही. एका वाक्याने एक वर्षाचे शिक्षण पुसले गेले. रुग्णालयाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. हे वाक्य कुठल्याही वॉर्डात ऐकू येऊ शकते.

तिसरी गोष्ट कुलपाची. द्रावणाच्या बाटल्या येतात, पण त्या इन्चार्ज सिस्टरच्या कपाटात जातात, कारण हिशेब तिला द्यायचा असतो. संपल्या तर मागणी महिन्याने. म्हणून ती माउली जपून वापरते. पाहुणे येणार असले, तपासणी असली, की बाटल्या खाटांशी दिसतात. कोविडच्या काळात त्या दारोदारी होत्या. एप्रिल २०२० मध्ये मुंबईच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टर बाधित निघाले, तेव्हा रुग्णालयातला संसर्ग कर्मचाऱ्यांनाही सोडत नाही, हे सगळ्यांना पटले होते. साथ ओसरली आणि बऱ्याच ठिकाणी भिंतीवरचे रिकामे स्टँड तेवढे उरले.

मग करायचे काय?

केंद्र सरकारने जानेवारी २०२० मध्ये संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे काढली. म्हणजे कागदाची कमतरता नाही. मला वाटते, तीन गोष्टींचा आग्रह धरला तरी पुष्कळ होईल. पहिली, पाळीतल्या परिचारिकांची संख्या. ती वॉर्डाच्या दारावर फळ्यावर रोज लिहावी: आज खाटा इतक्या, रुग्ण इतके, सिस्टर इतक्या. दुसरी, द्रावणाची बाटली खाटेशी, कपाटात नाही. तिचा हिशेब किती उरल्या यावरून न मागता किती वापरल्या यावरून मागावा. तिसरी, संसर्ग नियंत्रणाचे काम करणारी परिचारिका पूर्णवेळ असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या किमान अपेक्षेप्रमाणे २५० खाटांमागे अशी एक व्यक्ती हवी. म्हणजे अकराशे खाटांच्या रुग्णालयात निदान चार-पाच. आणि तिला मोठ्या डॉक्टरांनाही ‘सर, हात’ म्हणायचा अधिकार लेखी असावा. तो हसण्यावारी नेता येऊ नये.

राहिलो आपण, नातेवाईक. आपल्याकडे पेशंटला ‘बघायला’ जाणे हे कर्तव्य असते. बीडहून जीप भरून माणसे येतात, त्यात लेकरेही असतात. सगळे खाटेवर बसतात, पेशंटच्या कपाळावरून हात फिरवतात, शेजारच्या पेशंटचीही विचारपूस करतात. या मायेला मी नावे ठेवणार नाही. खरे सांगायचे तर आपल्या वॉर्डांत अर्धी परिचर्या पेशंटची बायको, सून, नाहीतर बहीणच करते. ती भरवते, कूस बदलते, लघवीची पिशवी रिकामी करते. जागा रिकाम्या असलेल्या रुग्णालयात तीच न नेमलेली, बिनपगारी परिचारिका असते. पण तिला पाच क्षण कुणी शिकवलेले नसतात. पिशवी रिकामी करून तोच हात भाकरीला लागतो. दाखल करून घेताना पाच मिनिटे तिला समोर बसवून हे सांगितले, तर एका वॉर्डात चाळीस जोडी हात सुधारतील.

तेव्हा घरात कुणी दाखल झाले तर एकाने थांबावे, बाकीच्यांनी घरून विचारपूस करावी. दहा वर्षांखालच्या मुलांना नेऊ नये. खाटेवर बसू नये. सलाईनच्या नळीला, पट्टीला, लघवीच्या नळीला स्वतः हात लावू नये. लघवीची पिशवी जमिनीवर टेकू देऊ नये आणि कमरेच्या वर उचलू नये. नळी आणखी लागणार आहे का, हे डॉक्टरांना रोज विचारावे. नळी जितकी लवकर निघेल तितका धोका कमी.

आणि तो न विचारलेला प्रश्न विचारावा. पण विचारण्याचीही एक रीत आहे. ‘हात धुतले का?’ असे दरडावून नव्हे. बाटली पुढे करून, ‘सिस्टर, हे घ्या’ एवढेच. बहुतेक जणी हसून हात पुढे करतील, कारण त्यांना ते करायचेच असते. डॉक्टर आले की त्यांच्यापुढेही तीच बाटली, त्याच अदबीने. तुम्हाला ‘तू मला शिकवणार?’ असे म्हणणे त्यांना जरा जड जाईल. आणि बाटली रिकामी दिसली तर सिस्टरशी भांडू नका. ती भरून ठेवणे तिच्या हाती नसते. अर्ज लिहा आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या कार्यालयात द्या. पोच घ्यायला विसरू नका.